वऱ्हाडातील राखीव जंगल आणि गावाचा हक्क

वऱ्हाडातील वनजमिनीचा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे मूळ या प्रदेशाच्या ठेवणीतच आहे. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे तीन पट्टे सांगितलेले आढळतात: मधला पूर्णेच्या काळ्या मातीचा पयानघाट, दक्षिणेकडचा अजिंठ्याच्या रांगेचा बालाघाट आणि उत्तरेकडचा, सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगरांचा मेळघाट. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाटचा मुख्य भाग. डोंगराची दक्षिण बाजू अकोला जिल्ह्यातल्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत उतरते. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तापीकडे जातात. चंद्रभागा, शहानूर, वाण या पूर्णेच्या खोऱ्यात येतात. पयानघाटातल्या कितीतरी गावांचे पिण्याचे पाणी आज शहानूर आणि वाणच्या धरणांतून येते. त्यामुळे वरच्या जंगलाचे काय होते हा सगळ्या वऱ्हाडचाच प्रश्न आहे. तरी त्या जंगलाबद्दलचे हुकूम ज्यांच्या अंगणापर्यंत येऊन भिडले, ती माणसे डोंगरातलीच होती: मुख्यतः कोरकू, आणि त्यांच्यासोबत गोंड, निहाल, गवळी, बलाई, राठ्या.

सरकारने जंगल ताब्यात ठेवण्याची जी कारणे सांगितली, ती काळानुसार बदलत गेली. आधी सागवान हवे होते, मग चराई आणि लाकूडफाट्याचा महसूल हवा होता, त्यानंतर वाघ वाचवायचा होता. लोकांचे म्हणणे मात्र या सगळ्या काळात जवळजवळ एकच राहिले: जंगलाबद्दलचा निर्णय जंगलात राहणाऱ्यांना विचारून व्हावा. या मागणीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी रूपे घेतली. कधी चोरून गुरे चारणे, कधी गवत कापून तुरुंगात जाणे, कधी न्यायालयात अर्ज, कधी ग्रामसभेचा ठराव, आणि कधी सोडलेल्या गावाकडे परत चालत जाणे. छोटा नागपूरच्या मुंडांनी केला तसा मोठा उठाव वऱ्हाडात झाला नाही, म्हणून इथल्या विरोधाची दखल इतिहासाच्या पुस्तकांनी फारशी घेतली नाही. ही उणीव मोठी आहे. न गाजलेला विरोधच इथे सर्वांत जास्त काळ टिकला.

कोरकू ही मुंडा भाषाकुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे, आणि ती बोलणारा समाज मेळघाटापासून बैतुल, खंडवा, नर्मदापुरमपर्यंतच्या (पूर्वीचे होशंगाबाद) सातपुड्यात पसरलेला आहे. प्रांतांच्या आणि राज्यांच्या सीमा या समाजाच्या मधून गेल्या. इंग्रजी अंमलापूर्वीचे त्यांचे जगणे तीन गोष्टींवर उभे होते: डोंगरउतारावरची दह्याची शेती, गुरे आणि जंगलातून गोळा केलेला माल. दह्या म्हणजे झाडोरा तोडून वाळवायचा, उन्हाळ्याच्या शेवटी जाळायचा, राखेत कोदो, कुटकी, सावा पेरायचा, आणि दोनतीन हंगामांनी तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचे. सोडलेल्या तुकड्यावर जंगल परत येण्यास वर्षे लागत. लोकसंख्या विरळ असेपर्यंत ती वर्षे मिळत असत. मोहाची फुले, चारोळी, तेंदू, धावड्याचा डिंक, मध, कंदमुळे यांवर पावसाळ्यापूर्वीचे कठीण महिने निघत. ही व्यवस्था निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. दुष्काळ आणि रोगराई तिच्यातही होत्या. पण कोणता उतार कधी जाळायचा, कोणते झाड राखायचे, मोहाचे कोणते झाड कोणत्या घराचे, हे ठरवणारी माणसे गावातच होती.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने गाविलगड जिंकला, तरी वऱ्हाड निजामाकडेच राहिले. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणून चालवले गेले. पुढच्या पंधरा वर्षांत दोन गोष्टी एकदम घडल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रेल्वेला स्लीपर हवे होते, इंधन हवे होते. मेळघाटात साग होता. १८६० च्या दशकातच बैरागड आणि गुगामल इथली जंगले राखीव झाली आणि राखीव भागात दह्यावर बंदी आली. कापसाने पयानघाटातली पडीक जमीन आणि कुरणे गिळली, तसे सपाटीवरचे गुरांचे कळपही चराईसाठी डोंगराकडे वळू लागले. एकाच वेळी वरचे जंगल बंद होत होते आणि खालचे गायरान नाहीसे होत होते. वऱ्हाडातल्या चराईच्या प्रश्नाची ही गाठ पुढे कधी सुटली नाही.

वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ‘ब्रिटिश इंडिया’चा भाग नसल्यामुळे १८७८ चा भारतीय वन कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. म्हणून १८८६ चा स्वतंत्र ‘बेरार फॉरेस्ट लॉ’ आला. इथल्या वनजमिनीचे वर्ग पाडले गेले: ‘अ’ वर्ग इमारती लाकडाचा, ‘ब’ वर्ग गवताच्या रमण्यांचा आणि बाभुळबनांचा, ‘क’ वर्ग चराईचा. गावालगतच्या सरकारी गायरानाला अमरावती-अकोल्यात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात, ते याच वर्गवारीच्या परंपरेतले. नागपूर प्रांतात मालगुजारी होती आणि तिथे निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या गरजेपुरत्या लाकूड-चराईच्या, हक्कांची नोंद गावाच्या कागदांत काही प्रमाणात तरी राहिली. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. खातेदाराचे शेत मोजले गेले, त्याच्या नावे नोंदले गेले. शेताच्या पलीकडचे सगळे सरकारचे ठरले. ज्याचा उपयोग सगळे गाव करते पण जे कोणा एकाच्या नावावर नाही, अशा जमिनीसाठी या व्यवस्थेत रकानाच नव्हता. पुढच्या सव्वाशे वर्षांतले बहुतेक दावे या न ठेवलेल्या रकान्यातून निघाले आहेत.

राखीव जंगलाला मजूर लागत. वणवा विझवायला, जाळरेषा काढायला, लाकूड तोडायला आणि वाहायला माणसे जवळ हवीत म्हणून वनखात्याने वनग्रामे वसवली. वनग्रामातल्या माणसाला कसायला जमीन मिळे, पण ती त्याच्या मालकीची नसे. कामाला न येणाऱ्याची जमीन काढून घेता येई. महसुली गावाला जे मिळत होते ते त्याला मिळत नसे, आणि तक्रार करायची तर तीही खात्याकडेच. जंगल खाते म्हणजे कोरकूंच्या लेखी नाकेदार आणि रेंजर. गुरे बंद जंगलात सापडली की कोंडवाडा, लाकडाची मोळी सापडली की दंड, आणि दंड देता आला नाही तर कोंबडी, तूप किंवा फुकटचे काम. मेळघाटातल्या वृद्धांच्या आठवणींत वेठीचे हे तपशील कायद्यांच्या कलमांपेक्षा कितीतरी ठळक आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सरकारने जंगले चराईसाठी आणि खाण्याजोग्या मालासाठी खुली केली होती. जंगलावर माणसे जगतात हे सरकारलाही ठाऊक होते. मात्र ती मोकळीक सवलत म्हणून दिली गेली, हक्क म्हणून नाही, आणि दुष्काळ ओसरताच काढून घेतली गेली.

या काळातला विरोध पाहायचा तर वनगुन्ह्यांच्या नोंदींतच पाहावा लागतो. बंद जंगलातली चराई, परवानगीवाचून तोड, लावलेले वणवे, दह्याचे लपवलेले तुकडे यांची सरकारी गणती गुन्हा म्हणून झाली. गावाच्या बाजूने पाहिले तर त्यातला बराच भाग म्हणजे जुनी वहिवाट सोडायला दिलेला नकार होता. काही कुटुंबे नवी बंधने आली की वस्ती उचलून दुसऱ्या खोऱ्यात किंवा दुसऱ्या प्रांतात जात. जमीन बांधून घेतलेल्या शेतकऱ्याला हा मार्ग नसतो. फिरत्या शेतीची सवय असलेल्या समाजाला तो होता, आणि तो बंद होईपर्यंत त्यांनी वापरला.

खुला, जाहीर आणि राजकीय विरोध आला तो १९३० मध्ये. सविनय कायदेभंगाची हाक मिठाची होती आणि वऱ्हाडला समुद्र नाही. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात मात्र खारे पाणी होते. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मिठाची चळवळ चालणे कठीण होते, आणि शेतकऱ्याला रोज नडणारा कायदा होता तो जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद येथे राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्यांना अटक झाली आणि शिक्षा झाली. तिथून ही लाट वऱ्हाड आणि मध्य प्रांतात पसरली, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रातही गेली. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेर येथे गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली.

पुसदच्या सत्याग्रहाचे मोल कमी करण्याचे काही कारण नाही. सरकारी जंगलातला गवताचा भारा हा अन्यायाचा पुरावा आहे हे त्याने शहरी सुशिक्षितांना पटवले. तरी त्याच्या मर्यादा सांगायला हव्यात. त्याचे नेते सपाटीवरचे वकील, व्यापारी आणि पत्रकार होते. मागणी गवत-चराईची होती. सत्याग्रह म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, पूर्वसूचना देऊन केलेला कायदेभंग होता. डोंगरातल्या माणसाला हवा होता तो उताराचा आणि वस्तीचा हक्क, आणि त्याची भाषा चळवळीच्या ठरावांत आली नाही. मेळघाटाच्या सीमेपलीकडे बैतुल जिल्ह्यात चित्र वेगळे दिसले. तिथे ऑगस्ट १९३० मध्ये गंजनसिंह कोरकू यांच्या नेतृत्वाखाली गोंड आणि कोरकू मोठ्या संख्येने राखीव जंगलात उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. काँग्रेसची हाक आणि आदिवासींची तक्रार तिथे एकमेकींना मिळाल्या. दोन्ही ठिकाणी कायदा एकच मोडला गेला, पण मोडणाऱ्याचे कारण एक नव्हते.

स्वातंत्र्याने झेंडा बदलला, वनखात्याचे अधिकार तसेच राहिले. १९२७ चा भारतीय वन कायदा कायम राहिला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; प्रत्येक वेळी राखीव जंगलाची हद्द जशीच्या तशी नव्या राज्याकडे गेली. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांसारख्या वनोपजाचा व्यापार राज्याच्या हाती घेतला, म्हणजे पान तोडणारी बाई मजूर ठरली आणि पानाचा मालक सरकार. धारणी आणि चिखलदरा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत, पण त्या अनुसूचीने दिलेले संरक्षण जंगलाच्या प्रश्नात दीर्घकाळ कागदावरच राहिले.

त्याच सुमारास जंगल ठेवण्याचे कारण बदलले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. २२ फेब्रुवारी १९७४ ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या स्थापनेची तारीख. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीचा दुसरा कोणताही उपयोग केंद्राच्या मंजुरीशी बांधला. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. १९९७ मध्ये अकोला जिल्ह्यातले नरनाळा आणि शेजारची वाण, अंबाबरवा ही अभयारण्ये त्यांना जोडली गेली. आज प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचे आकारमान सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आणि भोवतालच्या बफर क्षेत्राचे सुमारे १,२७० चौरस किलोमीटर आहे.

सागवानाच्या काळात जंगलाला मजुराची गरज होती, म्हणून गाव बंधनात का होईना पण जागेवर होते. वाघाच्या काळात गावच अडचण ठरले. लाकूडतोडीचे कूप बंद झाले तशी तोडीची मजुरी गेली. डिंक, मध, मुसळी काढणे गुन्हा झाला. रस्ता, वीज, तलाव यांना परवानगी मिळेना. फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेले लाकूड आणि गवतही काढण्यास मनाई केली. होळीनंतर गावेच्या गावे परतवाडा, अचलपूर, अमरावतीच्या बाजूला मजुरीसाठी उतरू लागली. १९९० च्या दशकात मेळघाटातले बालमृत्यू आणि कुपोषण उच्च न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत गाजले, आणि मेळघाट हे नाव सगळ्या महाराष्ट्राला त्याच कारणाने कळले. या मृत्यूंची चर्चा बहुतेक वेळा डॉक्टर, अंगणवाडी, आहार यांपुरती राहिली. त्या सोयी हव्याच होत्या. पण ज्या समाजाचे उन्हाळ्याचे अन्न जंगलातून येत होते त्याला जंगल बंद झाले, हे कारण आरोग्याच्या अहवालांत जितके ठळक यायला हवे होते तितके आले नाही.

महाराष्ट्रात वनजमीन कसणाऱ्यांच्या हक्काचा लढा मेळघाटापुरता नव्हता. २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाने काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, पण दंडाची पावती किंवा वनगुन्ह्याची नोंद असेल तरच कब्जा मानायचा असा व्यवहार पडला. ज्याने लाच देऊन पावती टाळली होती, त्याची शेती त्यामुळे कागदावर कधी नव्हतीच. धुळे-ठाण्यातल्या संघटनांनी यावर न्यायालयात दाद मागितली. १९९५ मध्ये प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पावतीखेरीज इतर पुरावाही पाहण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे ३ मे २००२ रोजी केंद्राच्या वन मंत्रालयाने अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आणि देशभर घरे, पिके मोडली गेली. त्या हकालपट्टीविरुद्ध उभ्या राहिलेल्या आंदोलनांतून वनहक्क कायदा आला.

२००६ चा हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन कुटुंबाच्या नावे होऊ शकते. पण त्याचा खरा गाभा सामूहिक वनहक्कात आहे. गाव ज्या जंगलाचा परंपरेने वापर करत आले, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तयार करते, तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. पुराव्याचे नियम विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. सरकारी कागदाबरोबरच गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या विहिरी, बांध, स्मशाने आणि देवस्थाने हाही पुरावा मानला जातो. कोरकू गावात झाडाखाली मुठवा देवाची शिळा असते, आणि मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब उभारलेले असतात. राखीव जंगलाच्या नकाशात ज्यांना जागा नव्हती, त्या खुणा आता दाव्याच्या नकाशात दाखवता येतात. १८८६ मध्ये न ठेवलेला रकाना एकशेवीस वर्षांनी उघडला गेला.

देशात पहिल्यांदा सामूहिक हक्क मिळाले ते २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना. अमरावती जिल्ह्यात हे काम परतवाड्याच्या ‘खोज’ या संस्थेच्या मदतीने उभे राहिले, आणि त्यात सर्वांत पुढे आले ते गाविलगडच्या पायथ्याचे पायविहीर. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा ही शेजारची गावेही त्याच वाटेने गेली. हक्क मिळालेली टेकडी त्या वेळी जवळजवळ उघडी होती. गावाने चराई आणि तोडीवर स्वतःहून बंधने घातली, रोजगार हमीच्या कामांतून मातीपाण्याची कामे आणि झाडे लावणे सुरू केले, आणि पाळीपाळीने राखण केली. टेकडीवरचे सीताफळ त्यांनी निवडून, खोक्यांत भरून मेळघाटच्या नावाने मुंबईच्या ग्राहकापर्यंत नेले. २०१३ मध्ये अमरावती आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपानांची विक्री स्वतः केली. २०१४ मध्ये पायविहीरला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

पायविहीरचे उदाहरण आदर्श गावाच्या गोष्टीसारखे सांगितले जाते, आणि त्यातला महत्त्वाचा भाग तिथे हरवतो. ज्या माणसांना राखीव जंगलाचे नियम मोडल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या दंड होत होता, त्यांनीच जंगल हाती येताच अधिक कडक नियम केले आणि पाळले. चराईबंदी तीच; ती कोणी ठरवली हे बदलले. १९९० च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या निघाल्या होत्या, त्यांतही गावाला राखणीचे काम मिळाले होते. पण समितीचा सचिव वनखात्याचा आणि शेवटचा शब्दही खात्याचाच होता. दोन्ही व्यवस्थांमधले अंतर पायविहीरच्या टेकडीवर दिसते.

हे झाले पायथ्याच्या गावांचे. गाभा क्षेत्रात गोष्ट उलट्या दिशेने गेली. शतकाच्या वळणावर बोरी, कोहा, कुंड ही गावे मेळघाटातून हलवून अकोट तालुक्यात वसवली गेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २००८ च्या योजनेनुसार प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये किंवा जमीन-घरासह पुनर्वसन, असे दोन पर्याय आले. त्यानंतरच्या वर्षांत अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा खुर्द आणि सोमठाणा बुद्रुक या आठ गावांचे लोक अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आले.

दहा लाख ही रक्कम कागदावर मोठी दिसत होती. अकोटजवळच्या बागायती पट्ट्यात तिच्यातून फार थोडी जमीन येत होती. ज्या घराकडे मोह होता, गुरे होती, नदीचे मासे होते, त्याच्याकडे आता बँकेतला आकडा आला आणि सरपणापासून सगळे विकत घ्यायची वेळ आली. पुनर्वसित वस्त्यांत आजार आणि मृत्यू वाढले, आश्वासन दिलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत, ही या लोकांची तक्रार वारंवार पुढे आली. वनहक्क कायद्याचे कलम ४(२) सांगते की वन्यजीवांच्या अधिवासातून गाव हलवण्यापूर्वी तिथले हक्क मान्य झाले पाहिजेत, ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, आणि नव्या जागी सोयी पूर्ण होईपर्यंत कोणाला हलवता येत नाही. या अटी पुऱ्या झाल्या का, हा वादाचा मुद्दा आहे. पैशाच्या पर्यायावर केलेली सही ही संमती मानायची का, हा त्याहून कठीण प्रश्न आहे, कारण ज्या गावाला रस्ता, शाळा आणि दवाखाना वर्षानुवर्षे नाकारला गेला, त्याची ‘हो’ किती मोकळी होती हे सहीवरून कळत नाही.

या आठ गावांच्या लोकांनी विरोधाचा जो मार्ग घेतला तो सातपुड्यात जुना आहे: ते परत निघाले. २०१७ नंतर एकाहून अधिक वेळा ही कुटुंबे मुलाबाळांसह जुन्या गावठाणांवर जाऊन बसली आणि आश्वासने घेऊन खाली आली. २२ जानेवारी २०१९ रोजी केलपाणी-गुल्लरघाट परिसरात त्यांच्यात आणि वन व पोलीस दलात संघर्ष झाला. दोन्ही बाजूंचे अनेक जण जखमी झाले, गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. वनरक्षकांवर झालेला हल्ला समर्थनीय ठरत नाही. तेही तुटपुंज्या पगारावर, बहुधा एकट्याने, जंगल राखणारी माणसे आहेत. पण तो दिवस एकाएकी उगवला नव्हता. निवेदने, बैठका आणि दोनतीन परतीच्या वाटा त्याच्या आधी होऊन गेल्या होत्या. धारगडच्या महादेवाची श्रावणातली यात्रा अकोला जिल्ह्यातल्या हजारो भाविकांची आहे आणि त्या दिवशी गाभा क्षेत्रातून वाट मिळते. धारगड, गुल्लरघाटच्या कोरकूंचे देवही त्याच जंगलात राहिले आहेत. त्यांच्यापर्यंत जायला वर्षाचा तसा दिवस ठरलेला नाही.

वाघाच्या बाजूचे म्हणणेही नीट मांडले पाहिजे. उठलेल्या गावांच्या जागी गवताळ माळ तयार झाले, तिथे सांबर, गवा यांचा वावर वाढला, आणि वाघाला माणसापासून मोकळा सलग प्रदेश मिळाला. मेळघाटचा डोंगराळ साग-बांबूचा प्रदेश तृणभक्षी प्राण्यांच्या बाबतीत ताडोब्याइतका समृद्ध नाही, म्हणून इथे मोकळ्या गवताळ जागांचे मोल अधिक. काही कुटुंबे स्वेच्छेने, शाळा-दवाखान्याच्या ओढीने बाहेर आली हेही खरे. यातले काहीही नाकारण्याची गरज नाही. वाघाचा फायदा झाला म्हणून गावाला विचारले गेले होते असे मात्र सिद्ध होत नाही. २०१७ मध्ये व्याघ्र प्राधिकरणाने व्याघ्र अधिवासांत वनहक्क देऊ नयेत असा आदेश काढला आणि २०१८ मध्ये मागे घेतला. कायद्याने दिलेला हक्क परिपत्रकाने थांबवण्याचा हा प्रयत्न, संरक्षण आणि हक्क यांचा मेळ घालण्याची संस्थात्मक सवय अजून रुजलेली नाही हे दाखवतो.

डोंगराखालचा प्रश्न याहून कमी ऐकू येतो. अकोला जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बार्शीटाकळी-पातूरच्या बाजूला, गवताळ माळ आणि झुडपी राने आहेत. फासेपारधी समाजाचे जगणे त्यांच्याशी बांधलेले होते. इंग्रजी अंमलात या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला, आणि १९७२ नंतर त्यांची पारंपरिक शिकारही गुन्हा झाली. गवत आणि त्यातला तणमोर पक्षी यांच्याबद्दल त्यांना जे कळते ते फार थोड्या अभ्यासकांना कळत असेल. बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळा येथील फासेपारध्यांनी ‘संवेदना’ या संस्थेबरोबर माळरान राखण्याचे काम हाती घेतले. पण सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. ई-क्लासवर झाडे लावण्याचे लक्ष्य ठरते, खड्डे खणले जातात आणि चराईचे गवत, त्यातला पक्षी आणि त्यावर जगणारे मेंढपाळ-पारधी एकदम बाजूला पडतात. जंगलाचे धोरण झाडापुरते पाहते, हा दोष रमण्यांच्या आणि बाभुळबनांच्या काळातल्यापेक्षा आज अधिक आहे.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत राज्याराज्यांतल्या दावे-फेटाळणीच्या पद्धतीवर प्रकाश पडला: कारण न कळवणे, ग्रामसभेचा ठराव बाजूला सारून उपग्रहाच्या चित्रावर निर्णय घेणे, अपिलाची संधी न देणे. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांसाठी विभागीय स्तरावर अपिलाची सोय केली. धारणी-चिखलदऱ्यातल्या दावेदारांनाही ती लागू आहे. ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाला, त्यांची लढाई आता वेगळ्या जागी चालू आहे. ग्रामसभेने केलेला व्यवस्थापन आराखडा मोठा की वनखात्याची कार्ययोजना, बांबूचा वाहतूक परवाना कोणी द्यायचा, रोजगार हमीचा निधी ग्रामसभेच्या खात्यात थेट यावा की नाही, गाभा क्षेत्रातल्या गावाचा दावा अधिवासाचे कारण सांगून किती काळ पडून राहू द्यायचा. हे मुद्दे तहसील कार्यालयातल्या फायलींचे आहेत, आणि मेळघाटातल्या ग्रामसभांचे तरुण सचिव आज नकाशे, ठराव आणि अपिलांच्या प्रती घेऊन त्या फायलींच्या मागे फिरत आहेत.